माझ्या आवाजातला नकार

अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉयच्या एका घरात माझा आवाज तीनेक वर्षं मुक्कामाला होता. मी इकडे ॲन आर्बरमध्ये बसथांब्यावर बर्फात पाय आपटत उभी असायचे, आणि तिकडे पन्नासेक मैलांवर कुणी एका चौकोनावर बोट ठेवलं की मी म्हणायचे, 'पाणी.' सर्दीनं माझा घसा बसलेला असला तरी त्या घरात मी खणखणीत बोलायचे.

हा आवाज तिथे कसा गेला, आणि त्याला एक साधा शब्द धड म्हणता येत नाही हे आम्हाला कसं कळलं, एवढंच मला सांगायचं आहे. मी काही लिहिणारी नाही. हिंगणघाटला आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील लाइनमन होते, आई घरी ब्लाउज शिवायची. घरात लिहिलं जायचं ते फक्त गिऱ्हाइकांची मापं. तेव्हा कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

२००१ साली मी इथल्या विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस. करायला आले. हातखर्चासाठी काम शोधताना एका छोट्या संस्थेत बॅटऱ्या चार्ज करायचं काम मिळालं. संस्था एका चर्चच्या तळघरात होती. कॅरल नावाच्या बाईंनी ती सुरू केली होती. मुलांना बोलायला शिकवणं हा त्यांचा शाळेतला पेशा. ज्यांना बोलताच येत नाही त्यांच्यासाठी त्यांनी बोलणारी यंत्रं जमवली आणि वाचनालयातून पुस्तकं द्यावीत तशी ती घरोघर वापरायला द्यायला सुरुवात केली. आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं ऑटिझम असलेली, किंवा त्यांचे आईवडील.

पुढे माझं शिक्षण संपलं, कॅरलचे गुडघे संपले, आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे धरला. "तू सांभाळशील?" मी म्हटलं, "चालेल." त्या काळात मी सगळ्यालाच 'चालेल' म्हणायचे. अशी मी डायरेक्टर झाले. डायरेक्टर म्हणजे तळघरात पाणी शिरलं तर ज्याला फोन येतो तो माणूस.

फोनवर बाबांना हे समजावून सांगणं अवघड गेलं.

"नॉन-प्रॉफिट म्हंजे काय वो बाई? तोट्यातली कंपनी?"

"नाही बाबा. नफा काढायचाच नसतो त्यात."

"मंग तुले पगार कोन देते?"

"लोक देणग्या देतात, त्यातून."

"सरकारी हाय असं सांग ना मंग," बाबा म्हणाले आणि निश्चिंत झाले. आईनं मागून विचारलं, "जेवतेस ना वेळेवर?"

आता यंत्राबद्दल थोडं. साधारण जेवणाच्या डब्याएवढं, पण चपटं असं खोकं. वर चौकोन आखलेले. प्रत्येक चौकोनावर एक चित्र: पेला, संडास, गाडी, झोपलेलं माणूस. चौकोन दाबला की त्यामागे भरून ठेवलेला आवाज बोलतो. बस. तेव्हा इंग्रजीत टाइप केलेलं वाचून दाखवणारी महागडी यंत्रंही होती, पण ती मराठी बोलत नव्हती, आणि बोललीच असती तर जीपीएसमधली बाई 'वरणभात' म्हणाल्यासारखं वाटलं असतं. म्हणून आम्ही खऱ्या माणसांचे आवाज भरायचो.

कुणाचा आवाज भरायचा, हाही एक प्रश्न असायचा. सुरुवातीला एका सात वर्षांच्या गोड मुलीच्या यंत्रात तिच्या वडिलांनी हौसेनं स्वतःचा आवाज भरला. ते कारखान्यात काम करणारे, सिगारेटी ओढून आवाज फाटलेला. ती चिमुरडी शाळेत बटण दाबायची आणि घोगऱ्या आवाजात गर्जना व्हायची, 'मला माझी बाहुली हवी!' बाई दचकायच्या. तेव्हापासून कॅरलनी नियम केला: आवाज शक्यतो त्याच वयाच्या, तशाच माणसाचा.

म्हणून ट्रॉयच्या केतकीसाठी माझा आवाज गेला. ती तेव्हा बावीस वर्षांची होती, मी सत्तावीसची.

केतकीचे वडील श्रीकांतकाका पुण्याचे. मोटारींच्या ब्रेकची चाचणी घेणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आई नलिनीकाकू एका ऑफिसात हिशेब बघायच्या. केतकी इथेच जन्मली. उंच, सडपातळ, केसांची घट्ट वेणी. ती बोलत नसे. गोड-चिकट काही हाताला लागलेलं तिला सहन व्हायचं नाही, आणि ताटात एका पदार्थाचा ओघळ दुसऱ्याला लागला तर ते ताट तिच्यासाठी संपलं. कुरकुरीत गोष्टी मात्र प्रिय. चकली खाण्याआधी ती कानाजवळ नेऊन मोडायची, आवाज नीट ऐकायची, मग खायची.

ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. मला तो शब्द केतकीला लावावासा वाटत नाही. ती स्वतःत अजिबात मग्न नव्हती. मी दारातून आत आले की माझ्या बुटांवर बर्फ आहे की चिखल, हे तिनं आधी पाहिलेलं असायचं.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा एक गोष्ट खटकली. काका-काकू एकमेकांशी मराठीत बोलायचे, आणि केतकीकडे वळले की इंग्रजीत. तेही जपून, सुटं सुटं. केतकी लहान असताना कुणी तज्ज्ञानं सांगितलं होतं, दोन भाषांनी तिचा गोंधळ होईल, घरात इंग्रजीच बोला. तेव्हा बहुतेकांना असंच सांगत.

"वीस वर्षं झाली," नलिनीकाकू म्हणाल्या, "पण अजून तिच्याशी बोलताना मला ऑफिसात असल्यासारखं वाटतं बघ. रागवायचं म्हटलं तरी आधी वाक्य जुळवावं लागतं."

मी परत आल्यावर कॅरलना विचारलं, यंत्रात कुठली भाषा भरू? त्या म्हणाल्या, "त्या घरात हसतात कुठल्या भाषेत?"

झालं. मराठी ठरली.

आवाज भरायला शांत जागा लागते. काकांच्या घरात सगळ्यात शांत जागा म्हणजे पुढच्या दाराजवळचं कोटांचं कपाट. मिशिगनच्या हिवाळ्याचे जाडजूड कोट अंगाभोवती लोंबकळत असले की बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला घुमत नाही. मी यंत्र पोटाशी धरून कोटांमध्ये उभी, आणि बाहेरून नलिनीकाकू शब्द सांगायच्या.

"नमस्कार."

"नमस्कार," मी म्हणायचे.

"थँक्यू. छान झालंय. तुम्ही कसे आहात?"

"अगं, तिला पाणी मागू दे आधी!" काका ओरडले. "लोकांची विचारपूस काय करायला लावतेस?"

"लोकांत न्यायचंय मला तिला," काकू म्हणाल्या. अगदी हळू.

तेव्हा मला कळलं की त्यांना खरं काय हवं आहे. ट्रॉयच्या महाराष्ट्र मंडळात सगळे सण व्हायचे. केतकी लहान होती तोवर हे कुटुंब सगळीकडे जायचं. पुढे गर्दीत, आवाजात तिचं बिनसायचं. ती मनगट चावायची, ताट भिरकावायची. मग काका एकटे जाऊन येऊ लागले. काकू म्हणाल्या, "चारचौघांत मांडी घालून नाहीतर खुर्चीवर का होईना, निवांत जेवले त्याला किती वर्षं झाली आठवत नाही. एकदा तिला शेजारी घेऊन जेवायचंय."

त्यांच्या 'नमस्कार' आणि 'छान झालंय'च्या शेजारी मी पाणी, चकली, आणखी, झोप, घरी जाऊ या, असे शब्द भरले. आणि खालच्या कोपऱ्यात 'नको'.

केतकीनं तीन आठवडे यंत्राकडे ढुंकून पाहिलं नाही. चौथ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. पलीकडे त्या बोलतच नव्हत्या. नुसता मागून माझाच आवाज येत होता. 'चकली. चकली. आणखी. चकली.' मग काकू म्हणाल्या, "डबा संपवला गं तिनं," आणि फोनवर रडायला लागल्या. इतक्या आनंदानं रिकाम्या डब्याची बातमी मला कुणी दिलेली नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात काकूंनी धीर केला आणि केतकीला मंडळाच्या गणपतीला नेलं. मीही गेले. शाळेच्या कॅफेटेरियात जेवण होतं. वाढायला शोभाकाकू. मंडळात कुठलंही जेवण असलं तरी वाढायची सूत्रं शोभाकाकूंकडे. मनानं फार मोठी बाई. नवीन आलेल्या कितीतरी मुलांना त्यांनी स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. पण त्यांच्या हातात डाव आला की समोरच्या माणसाची सुटका नसायची. कुणी ताटावर आडवा हात धरला तर त्या हाताच्या बोटांमधून वाढायच्या.

केतकी यंत्र मांडीवर घेऊन छान बसली होती. तिच्या ताटात पुरी, चटणी, पापड, सगळं अंतर राखून. शोभाकाकू मोदकांचं भांडं आणि तुपाची वाटी घेऊन आल्या.

"केतकी! किती मोठी झालीस गं! घे, उकडीचा आहे."

केतकीनं कोपऱ्यातला चौकोन दाबला. माझा आवाज म्हणाला, 'नको.'

"अय्या, बोलतं की हे! काय गोड बोलतं! नको काय नको, एक तरी घ्यायलाच हवा."

'नको,' मी पुन्हा म्हटलं.

"अगं, प्रसादाला नाही म्हणू नये. अर्धा घे."

'नको.'

"बरं, तिसऱ्यांदा म्हणालीस, आता गप्प घे," असं म्हणून त्यांनी मोदक ठेवला आणि वर तुपाची धार सोडली. तूप ओघळत पुरीकडे गेलं, पुरीकडून पापडाकडे.

केतकी ते तूप बघत राहिली. बोट चौकोनावरच होतं. 'नको. नको. नको. नको.' प्रत्येक वेळी तोच लाडिक आवाज. मग ताट उडालं. तिनं मनगट तोंडात धरलं. यंत्र खाली पडून सरकत गेलं आणि टेबलाखालून मी म्हणत राहिले, 'छान झालंय. छान झालंय,' कारण बटण अडकलं होतं.

काकांनी तिला कवेत धरून बाहेर नेलं. काकूंनी आपलं भरलेलं ताट तसंच ठेवलं, कोट उचलला आणि कुणाकडेही न बघता गेल्या. शोभाकाकू तुपाची वाटी धरून उभ्याच. "मी काय वाईट केलं गं?" त्यांनी मला विचारलं. त्यांनी काही वाईट केलंय असं मलाही त्या वेळी वाटत नव्हतं.

दोन दिवसांनी नलिनीकाकूंचा फोन आला. "यंत्र घेऊन जा. सोफ्याखाली ढकलून दिलंय तिनं. मी काढलं तर पुन्हा ढकलते. दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल."

"काकू, थोडे दिवस..."

"नको गं. आता आशा लावून घ्यायची नाही मला."

परत आलेली यंत्रं आमच्याकडे एका फळीवर असायची. त्या फळीचं मला नेहमीच वाईट वाटायचं. एकदा यंत्र परत आलं की ते कुटुंब बहुधा पुन्हा येत नाही. केतकीचं बोलणं त्या फळीवर जाणार होतं.

मी कॅरलना सोबत घेऊन गेले. त्या निवृत्त झाल्या होत्या, तरी दर गुरुवारी काठी टेकत तळघरात यायच्या. गाडी त्याच चालवत होत्या.

कॅरलनी सोफ्याखालून काठीनं यंत्र ओढून काढलं आणि एकेक चौकोन दाबून ऐकला. त्यांना मराठीचं अक्षरही येत नाही. पाणी ऐकलं, चकली ऐकलं, मान हलवली. कोपऱ्यातल्या चौकोनापाशी थांबल्या. पुन्हा दाबला. पुन्हा.

"याचा अर्थ काय?"

"नाही, असा."

"नाही गं," त्या म्हणाल्या. "ही बाई नाही म्हणत नाहीये. ही बाई कुणाच्या तरी दारात उभी आहे आणि आत बोलावतील याची वाट बघते आहे."

मी तो आवाज पहिल्यांदा दुसऱ्याचा असल्यासारखा ऐकला. 'न... को,' शेवट जरा लांबवलेला, जरा वर उचललेला. हिंगणघाटला कुणाकडे गेलं की आई आधी बजावायची, "दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्यांदाच हात पुढे केला तर म्हणतील, लाइनमनची पोरगी उपाशी हाय." मी तो नकार इतका घोटला होता की माझ्याकडे दुसरा नव्हताच. कोटांच्या कपाटात उभी राहून मी केतकीच्या यंत्रात पाहुणीचा नकार भरला होता. आणि शोभाकाकूंनी तो बरोबर ऐकला होता. आपल्यात असल्या नकाराला जे उत्तर असतं तेच त्यांनी दिलं.

मी हे जमेल तसं सांगितलं. श्रीकांतकाका ऐकता ऐकता उठून उभे राहिले.

"म्हणजे दोनदा दाबल्यावर तिसऱ्यांदा लागणारा ब्रेक!" ते म्हणाले. "नलिनी, असली गाडी मी एक दिवस रस्त्यावर जाऊ दिली नसती. आणि आपण पोरीच्या हातात दिली!"

"तुम्ही नका बोलू," काकू म्हणाल्या. "काल तिच्या पोळीवर तूप कोणी ओतलं? मी दोनदा म्हटलं होतं, तिला नको असतं."

"अगं, मला वाटलं, थोडं..."

"तेच!"

'नको' पुन्हा भरायचा ठरलं. मी कपाटात शिरले. पहिल्या खेपेला तोच लाडिक सूर आला. दुसऱ्या खेपेला मी जोर लावला तर भांडायला निघाल्यासारखं झालं. "रागावू नकोस," काका बाहेरून म्हणाले. "ब्रेक रागावत नाही. फक्त थांबवतो." तिसरा रडका आला. मग हसू यायला लागलं. कॅरलही हसत होत्या, कशाला ते न कळता.

शेवटी काका आत येऊन माझ्यासमोर कोटांमध्ये उभे राहिले, हातात शिऱ्याची बशी. आल्यापासून काकूंनी मला दोनदा शिरा खायला लावला होता आणि मी दोन्ही वेळा 'चालेल' म्हटलं होतं.

"वैशाली, एवढा घे."

"नको, काका."

"अगं चमचाभर."

"खरंच नको."

"प्रवास करून आलीस, बारीक झालीस, घे घे, आम्हाला वाईट वाटेल हं..." आणि त्यांनी चमचा माझ्या तोंडाजवळ आणला.

"नको!"

मी घाबरले. वडीलधाऱ्या माणसाशी मी असं कधी बोलले नव्हते. ओरडले नव्हते, रागावलेही नव्हते. फक्त त्या शब्दानंतर काही उरलं नव्हतं. काकांचा चमचा हवेतच थांबला होता.

बाहेरून नलिनीकाकूंचा आवाज आला. "आलं गं, आलं! रेकॉर्डिंग चालू होतं!"

घरात त्या दिवसापासून एक नियम झाला. यंत्र 'नको' म्हणालं की समोरच्यानं 'बरं' म्हणायचं आणि हात मागे घ्यायचा. कारण विचारायचं नाही. 'थोडं तरी' म्हणायचं नाही. मी येताना विचार करून कितीतरी सूचना आणल्या होत्या, पण शेवटी ही एकच पुरली.

आम्ही निघाल्यावर केतकीनं यंत्र पुन्हा सोफ्याखाली ढकललं होतं, पण पुढे तिनंच ते बाहेर काढलं तो प्रसंग काकांनी मला फोनवर सांगितला. सकाळी काकू तिला स्वेटर घालायला गेल्या. ती सोफ्याखाली वाकली, यंत्र ओढलं आणि 'नको'. काकू म्हणाल्या, "बरं." केतकीनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग चहा. 'नको.' "बरं." मग टीव्हीकडे बोट दाखवून 'नको', काकांनी टीव्ही बंद केला. मग काकांकडेच बोट दाखवून 'नको'. काका उठून दुसऱ्या खोलीत गेले, तर मागून ती मोठ्यानं हसली.

"आठवडाभर चाललंय," काका म्हणाले. "टेस्टिंग आहे. उतारावर, ओल्या रस्त्यावर, सगळीकडे लावून बघतेय. बघू दे. आम्हीही असंच करायचो."

"आंघोळीला पण नको म्हणते का?"

"दोन दिवस म्हणाली. तिसऱ्या दिवशी स्वतःच गेली. वैशाली, एक सांगू? तिनं मनगट चावलेलं नाही त्या दिवसापासून."

दिवाळी आली. मंडळाच्या अध्यक्षांनी मला फोन केला. गणपतीत घडलेलं सगळ्यांना लागलं होतं. "तुमच्या संस्थेची माहिती द्या ना स्टेजवर, पाचदहा मिनिटं. केतकीला घेऊन या, ती मशीन वापरून दाखवेल. लोकांना कळेल, मदतही मिळेल." मी म्हटलं, "चालेल." नलिनीकाकूंना विचारलं, त्याही हो म्हणाल्या. केतकीला आम्ही दोघींनीही विचारलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी काकूंनी तिला जांभळा पंजाबी ड्रेस घातला होता. ती आमच्यासोबत शांतपणे दुसऱ्या रांगेत बसली. माझं नाव पुकारलं. मी उठले, हात पुढे केला आणि म्हटलं, "चल, केतकी."

तिनं स्टेजकडे पाहिलं. दिवे, माइक, रांगोळी, पाचशे माणसं. मग यंत्राकडे पाहिलं.

'नको.'

माझा आवाज. कपाटातला, चमच्यासमोरचा. त्याच्यापुढे काही नव्हतं.

सभागृह बघत होतं. अध्यक्ष माइकवरून म्हणाले, "या, या, लाजू नका." मागून कुणी म्हणालं, "अगं दोन मिनिटं फक्त, केतकी, कम ऑन!" टाळ्या सुरू झाल्या, प्रेमानंच. माझ्याही ओठांवर आलं होतं, 'एकदाच गं. माझ्यासाठी.' संस्थेला त्या कार्यक्रमाची फार गरज होती. शेजारी नलिनीकाकूंचा हात केतकीच्या मनगटाकडे निघाला होता.

"बरं," मी म्हटलं.

केतकीनं खांदे खाली सोडले आणि खुर्चीत मागे टेकली.

मी एकटी स्टेजवर गेले. शब्दांत पकडून काहीतरी छान म्हणायची ती वेळ होती, कॅरल असत्या तर त्यांनी म्हटलंही असतं. मला सुचलं नाही. मी म्हटलं, "केतकीला यायचं नाहीये. ती नको म्हणाली. तिनं नको म्हटलं की आम्ही थांबतो, आणि आम्हाला ते शिकायला वेळ लागला. तुम्हीही थांबलात तर बरं होईल." आणि खाली उतरले. पुढचा कार्यक्रम लहान मुलींचा नाच होता, तो लगेच सुरू झाला.

फराळ आणि जेवण खालच्या हॉलमध्ये. खरी परीक्षा तिथे होती, हे काकूंना आणि मलाही माहीत होतं. लांब टेबलाशी काका, मधे केतकी, पलीकडे काकू, समोर मी. काकू खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या, कधीही उठावं लागेल अशा. कोटही मांडीवर.

शोभाकाकू श्रीखंडाचं पातेलं घेऊन येत होत्या. शोभाकाकूंचं श्रीखंड म्हणजे आमच्या भागातला ठेवा. दही रात्रभर टांगून, केशर घालून. पातेलं जवळ आलं. डाव वर उचलला गेला.

'नको,' केतकीच्या मांडीवरून आवाज आला.

डाव हवेत थांबला. मी शोभाकाकूंचा चेहरा बघत होते. त्या बाईंच्या हातात चाळीस वर्षांची सवय होती. ओठ 'अगं' म्हणायला उघडलेसुद्धा. श्रीखंडाचा एक थेंब डावाच्या टोकावर जमला होता, केतकीच्या ताटाच्या बरोबर वर.

"ब... बरं," शोभाकाकू म्हणाल्या, कडू काढा गिळल्यासारखं. डाव पातेल्यात गेला. मग त्या तिथेच उभ्या राहिल्या, कारण कुणाला काही न वाढता पुढे जायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं. "मग," त्यांनी विचारलं, "काय देऊ तुला?"

केतकीचं बोट चौकोनांवरून फिरलं.

'चकली.'

शोभाकाकू पातेलं तिथेच टेकवून स्वयंपाकघराकडे अक्षरशः पळत गेल्या आणि अख्खा डबा घेऊन आल्या. केतकीनं एक घेतली, कानाजवळ नेली आणि मोडली. शोभाकाकूंनी खाली वाकून आपलाही कान तिथे नेला. "आहे हं खुसखुशीत," त्या म्हणाल्या. 'छान झालंय,' केतकीनं दाबलं. या वेळी बटण अडकलेलं नव्हतं.

नलिनीकाकूंनी मांडीवरचा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, खुर्ची पुढे ओढली आणि जेवायला सुरुवात केली. पुरीचा पहिला घास घेतल्यावर त्यांनी एकदा डोळे मिटले. नंतर त्या नुसत्या जेवत राहिल्या. दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "पास." आणि पापड मोडला.

आता २००८ उजाडलंय. बिनबटणांचे, नुसत्या काचेचे फोन निघालेत. कॅरल म्हणतात, आपली खोकी लवकरच कपाटात जाणार. जाऊ देत. केतकीकडे यंदा नवं यंत्र आलं. त्यात तिच्या मावसबहिणीचा आवाज आहे, माझ्यापेक्षा गोड. फक्त एक चौकोन केतकीनं बदलू दिला नाही. तिथे अजून मीच आहे.

त्या दिवाळीतला शेवटचा प्रसंग मात्र राहिला. चकल्यांचा डबा ठेवून शोभाकाकूंनी पुन्हा पातेलं उचललं आणि टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आल्या. केशराचा वास आला. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं, आणि श्रीखंड माझा जीव की प्राण. त्यांनी डाव भरून माझ्या ताटावर धरला. मी, आईनं शिकवल्याप्रमाणे, पहिल्यांदा म्हटलं, "नको, काकू."

पण तोच शब्द घोटून घोटून माझी जीभ बिघडली होती. तो कपाटातलाच निघाला.

शोभाकाकू दचकल्या. केतकीच्या यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आवाज ओळखला.

"बरं," त्या चटकन म्हणाल्या आणि पातेलं घेऊन पुढच्या टेबलाकडे निघून गेल्या.